लेकासाठी एडीएचडीचं औषध: मेथिलफेनिडेट, ॲटोमॉक्सेटिन की अजून थांबावं?

शेवंती
बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहायला बसले. लांबण लागेल, आधीच सांगते.

लेक साडेआठ वर्षांचा, तिसरीत. आम्ही ठाण्यात. मागच्या पावसाळ्यात डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियननी एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, एका जागी न बसवणं, त्याचं) निदान केलं. घाईघाईत नाही केलं. घरचा फॉर्म वेगळा, वर्गशिक्षिकांचा वेगळा. कान-डोळे तपासले, हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड झालं, रात्री घोरतो म्हणून ॲडिनॉइड्सही (नाकामागच्या गाठी) बघून घेतले. तेव्हापासून ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) चालू आहे, आम्हा दोघांची पालकांसाठीची सत्रं झाली, भिंतीवर दिवसाचा तक्ता लागला, गृहपाठाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडले. फरक पडला, नाही असं नाही.

पण परवाचं सांगते. हातच्याच्या वजाबाकीची पाच गणितं. पहिलं झटक्यात, बरोबर. दुसऱ्याची मांडणी बरोबर, उत्तर लिहायच्या आधी पेन्सिलीला टोक काढायला उठला. तिथून खिडकीत, खिडकीतून पाणी प्यायला, बाटलीचं झाकण उघड-बंद, उघड-बंद, मग टेबलाखाली. मी काहीच बोलले नव्हते. आपणहून म्हणाला, "आई, मला बसायचंय गं, पण मी बसतच नाहीये."

शाळेच्या वहीत रोज लाल शेरा असतो. सोसायटीतल्या वाढदिवसांना बोलावणं येईनासं झालंय, हे त्याला कळायला लागलंय.

आता डॉक्टरांनी औषधाचा विषय काढलाय. मेथिलफेनिडेट किंवा ॲटोमॉक्सेटिन. दोन्हीची माहिती देऊन म्हणाल्या, विचार करून या, घाई नाही. नवरा म्हणतो, "मीही असाच होतो, माझं काय बिघडलं?" (काय बिघडलं ते मी सांगू शकते, पण त्याला वेगळा धागा काढावा लागेल.) साबा (सासूबाई) म्हणतात सारस्वतारिष्ट दे आणि मे महिन्यात गावाला पाठव. माझी आई नुसतीच फोनवर रडते.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. मूल गप्प, मलूल होतं का? सवय लागते का? एकदा सुरू केलं की जन्मभराचं का? आणि दोनातलं कुठलं, हे कशावरून ठरवलंत?

व्यवस्थापक
धाग्याचा विषय महत्त्वाचा आहे, चालू ठेवू. एक विनंती: अनुभव जरूर लिहा, पण कुणीही कुणाच्या मुलाला डोस सुचवू नये. मुलांची, शाळांची, डॉक्टरांची नावं लिहू नयेत.

कडूलिंब
स्पष्ट लिहितो, राग मानू नये. साडेआठ वर्षांचं पोरगं पाच वजाबाक्या सलग करत नाही म्हणून त्याला मेंदूवर काम करणारी गोळी? आमच्या चाळीत निम्मी पोरं अशीच होती. शाळा सुटली की अंधार पडेपर्यंत आट्यापाट्या, विटीदांडू. दमून झोपायची. आज मुलाला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये कोंडायचं, हातात मोबाइल द्यायचा आणि मग चंचल म्हणून गोळी द्यायची. आधी मैदान द्या. औषध कंपन्यांना गिऱ्हाईक हवंच आहे.

पाटीपेन्सिल
कडूलिंब, मैदानाबद्दल शंभर टक्के अनुमोदन. आमच्याच शाळेच्या मैदानावर आता पार्किंग आहे.

पण बाकीचं पटलं नाही. मी प्राथमिकला शिकवते, निवृत्ती जवळ आली आहे. एका वर्गात पन्नासच्या वर मुलं, त्यातली पंधरा-वीस चुळबुळी असतातच. त्यांना फळा पुसायला पाठवलं, वह्या वाटायला दिल्या की शांत होतात. शेवंतीताईंचा मुलगा जे म्हणाला तसं म्हणणारी मुलं मात्र वेगळी. त्यांना रागवलं की ती खरोखर प्रयत्न करतात, अगदी ओठ आवळून, आणि तीन मिनिटांत पुन्हा तेच. वर्षाअखेरीस त्यांच्या डोळ्यांत एक निबरपणा येतो, "मी वाईटच आहे" असं ठरवून टाकल्यासारखा. मला भीती त्याची वाटते. गणित काय, उशिरा येईल.

आणखी एक. अशा मुली कुणाच्या लक्षातच येत नाहीत. त्या टेबलाखाली जात नाहीत, खिडकीपाशी बसून गप्प हरवलेल्या असतात. आम्ही प्रगतिपुस्तकावर "हुशार आहे, लक्ष दिल्यास प्रगती होईल" असं लिहून मोकळे होतो.

आणि शाळेने "औषध सुरू करा, नाहीतर दाखला घेऊन जा" असं सुचवलं तर ऐकून घेऊ नका. निरीक्षण कळवणं हे शाळेचं काम. औषध सुचवणं शाळेचं काम नाही.

उंबरठा
शेवंती, माझा मुलगा आता बारावीत आहे. औषध चौथीत सुरू केलं होतं. जसं घडलं तसं लिहितो, त्यातलं लागू पडेल ते घ्या.

आम्हाला आधी साधं मेथिलफेनिडेट मिळालं, म्हणजे तीन-चार तास टिकणारं. पहिल्याच आठवड्यात वर्गात फरक दिसला, इतका की बाईंनी फोन करून विचारलं, बरं नाही का त्याला? कारण तो बसला होता. मला हे ऐकून आनंद झाला आणि पोटात गोळाही आला. दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी नेमका हाच प्रश्न विचारला: हसतो का? भांडतो का? घरी आल्यावर बडबडतो का? त्या म्हणाल्या, मूल मलूल दिसलं तर ते औषध लागू पडल्याचं लक्षण धरायचं नाही, डोस जास्त झाल्याचं किंवा औषध न मानवल्याचं धरायचं. आमच्याकडे हसत होता, भांडतही होता. फक्त शाळेत बसत होता.

त्रास दोन झाले. डबा जसाच्या तसा परत यायला लागला. पोळीभाजीला वासही येऊ लागला होता, इतका अस्पर्श. आणि दुपारी शाळेतून आल्यावर तासभर नुसता थयथयाट, कारण औषध उतरत असायचं. जेवणाचं आम्ही असं बसवलं: गोळीच्या आधी भरपेट न्याहारी, थालीपीठ-लोणी किंवा अंडं. डब्यात चार घासांचं काहीतरी, संपलं नाही तरी बोलायचं नाही. आणि रात्री नऊला दुसरं जेवण, वरणभात-तूप. भूक तेव्हा राक्षसासारखी लागायची. आजी आधी कुरकुरली, मग तिनेच नऊचं ताट लावायला सुरुवात केली.

दुपारच्या थयथयाटावर डॉक्टरांनी दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी दिली. त्याने शाळेतल्या दुसऱ्या डोसचा प्रश्नही सुटला. शाळा गोळी द्यायला तयार नव्हती, आणि शिपायाच्या हातात ती डबी द्यायला आम्हीही तयार नव्हतो.

तेरा वर्षांचा झाल्यावर म्हणाला, नको. डॉक्टरांशी बोलून थांबवलं. आठवी-नववी खडखडीत गेली, गुण घसरले, मित्र मात्र भरपूर जमले. दहावीच्या तोंडावर तोच म्हणाला, परत सुरू करूया. आता गोळी कधी घ्यायची, कधी नाही, हे तो आणि डॉक्टर ठरवतात, मी फक्त बिल भरतो. तेव्हा जन्मभराचं का, याचं माझं उत्तर: दर वर्षी नव्याने विचारायचा प्रश्न आहे तो.

कोल्हापुरी_केमिस्ट
औषध चांगलं की वाईट ते डॉक्टर सांगतील. ते मिळवायचं कसं ते मी सांगतो, कारण ह्यात पालकांची फरफट होते ती रोज बघतोय.

मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीतलं औषध आहे, शिवाय १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याच्या यादीतही आहे. शेड्यूल एक्सचं औषध ठेवायला दुकानाला वेगळा परवाना लागतो. बहुतेक दुकानदार त्या भानगडीत पडत नाहीत, कारण वेगळं रजिस्टर, कुलपातलं कपाट, तपासणी. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात "नाही" म्हणतात. औषध बंद झालंय असं समजू नका, परवान्याचं दुकान शोधा. मोठ्या रुग्णालयाला लागून असलेल्या दुकानात पहिल्यांदा विचारा, आणि कुठे मिळेल हे डॉक्टरांनाच विचारून घ्या.

प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लागतं, एक आम्ही ठेवून घेतो, दोन वर्षं जपायची असते. मोबाइलमधला फोटो दाखवून, भावाला पाठवून, जुन्या चिठ्ठीवर, काही चालत नाही. आणि आमच्यावर डाफरू नका ताई, आमचा परवाना जातो. परीक्षा आल्या की कॉलेजची पोरं "जागायची गोळी" मागत येतात, हा कडकपणा त्यांच्यामुळे आहे. घरातली डबीसुद्धा कुलपात ठेवा, मोठा भाऊ-बहीण असेल तर विशेष. संपायच्या आदल्या दिवशी येऊ नका, आठवडाभर आधी या, माल मागवावा लागतो.

ॲटोमॉक्सेटिनला हे काही नाही. प्रिस्क्रिप्शन लागतंच, पण साधं चालतं, बहुतेक ठिकाणी मिळतं.

मांजराकाठ
वरच्या प्रतिसादात एक भर. आम्ही लातूरकडचे. मला वाटलं होतं पुण्याच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल करून काम होईल. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीत शेड्यूल एक्सची औषधं व्हिडिओ कॉलवर लिहून देता येत नाहीत. म्हणजे प्रत्येक वेळी रात्रीची बस. आम्ही ॲटोमॉक्सेटिन निवडलं त्याला हे निम्मं कारण आहे. पुस्तकात नसलं तरी आमच्यासारख्यांना हे कारण खरं आहे.

स्टेथो
मी बालरोगतज्ज्ञ आहे. शेवंतीच्या मुलाला तपासलेलं नाही, त्यामुळे सर्वसाधारण लिहिते.

मेथिलफेनिडेट स्टिम्युलंट, म्हणजे मेंदूला चालना देणारं औषध आहे. १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीत तयार झालं, १९५० च्या दशकापासून वापरात आहे. "नवीन फॅड" म्हणणाऱ्यांसाठी हे लिहिलं. मेंदूत डोपामिन आणि नॉरॲड्रिनॅलिन पुन्हा शोषलं जाणं ते कमी करतं. परिणाम अर्ध्या-एक तासात दिसतो आणि त्याच दिवशी संपतो. हा तोटा वाटतो, पण पालकांच्या दृष्टीने सोय आहे: मानवलं नाही तर उद्या द्यायचं नाही, संपलं. साधारण दहातल्या सात मुलांना उपयोग होतो. त्रास म्हणजे भूक मरणं, झोप उशिरा लागणं, पोट किंवा डोकं दुखणं, नाडी आणि रक्तदाब किंचित वाढणं. सुरू करण्याआधी घरात कुणाचा तरुणपणी अचानक हृदयविकाराने मृत्यू झालाय का, मुलाला खेळताना भोवळ येते का, हे विचारायलाच हवं. तसं काही असेल तर ईसीजी आणि हृदयतज्ज्ञ आधी.

ॲटोमॉक्सेटिन स्टिम्युलंट नाही. अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली. डोस वजनावर ठरतो आणि हळूहळू वाढवतात. पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, कधी जास्तही. सरासरीने बघितलं तर ताकद मेथिलफेनिडेटपेक्षा कमी, पण अंमल दिवसभर असतो, संध्याकाळी "उतरत" नाही. सुरुवातीला मळमळ, पोटदुखी, झोपाळूपणा. क्वचित यकृताचा त्रास: डोळे पिवळे, लघवी गडद झाली तर थेट डॉक्टर. आणि अमेरिकेतल्या वेष्टनावर ठळक इशारा असतो की काही मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात. हे फार थोड्यांत होतं, तरी पहिले काही आठवडे आणि डोस बदलल्यावर मुलाच्या मनःस्थितीवर डोळा ठेवायचा. हे मी प्रत्येक पालकाला तोंडावर सांगते, मग ते घाबरले तरी.

मुलाला खूप चिंता असेल, टिक्स (डोळे मिचकावण्यासारख्या आपोआप होणाऱ्या हालचाली) असतील, घरात व्यसनाचा प्रश्न असेल, किंवा आधी स्टिम्युलंट मानवलं नसेल तर ॲटोमॉक्सेटिनचा विचार आधी होतो. नाहीतर बहुतेक ठिकाणी मेथिलफेनिडेटने सुरुवात. टिक्स त्याने वाढतातच असं नाही, पण बघावं लागतं.

सवयीबद्दल: डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य डोसमध्ये घेतलेल्या मुलांना पुढे व्यसन लागण्याचा धोका त्यामुळे वाढतो, असं दीर्घ पाहण्यांत दिसलेलं नाही. चुरून, जास्त प्रमाणात, दुसऱ्याचं घेतलं तर गोष्ट वेगळी.

कडूलिंब
स्टेथो, माहितीबद्दल आभार. पण अर्धीच सांगितलीत. अमेरिकेत एमटीए नावाचा मोठा अभ्यास झाला, १९९९ मध्ये निकाल आले, औषध जिंकलं म्हणून डांगोरा पिटला. आठ वर्षांनी तीच मुलं पाहिली तर कोण कुठल्या गटात होतं याने काहीही फरक पडला नव्हता. वर उंची कमी. मग कशाला?

स्टेथो
कडूलिंब, वाचून लिहिताय हे आवडलं. अभ्यासात ५७९ मुलं होती, वय सात ते नऊ, चार गट, चौदा महिने. एकाला काळजीपूर्वक औषध, एकाला वर्तनोपचार, एकाला दोन्ही, आणि चौथ्याला गावातले डॉक्टर देतील ते. चौदा महिन्यांनी औषध आणि दोन्ही, हे गट लक्षणांत पुढे होते. आता यातली गंमत बघा. चौथ्या गटातल्याही साधारण दोन-तृतीयांश मुलांना औषधच चालू होतं, बहुतेकांना तेच मेथिलफेनिडेट. तरी ती मागे राहिली. काळजीपूर्वक गटात डोस नीट बसवला गेला होता, दर महिन्याला भेट होती, शिक्षकांकडून माहिती घेतली जात होती. गावात चिठ्ठी मिळत होती आणि पुन्हा भेटू सहा महिन्यांनी. चौदा महिन्यांनंतर ही देखरेख सगळ्यांचीच सुटली, कुणी औषध सोडलं, कुणी धरलं, आणि गट एकमेकांत मिसळले. तुम्ही म्हणता तो आठ वर्षांचा निकाल खरा आहे. त्यावरून "औषध निरुपयोगी" हे निघत नाही. "एकदा वर्षभर दिलं की आयुष्य मार्गी लागलं" हे मात्र खोटं ठरतं.

उंचीचंही खरं आहे. त्याच मुलांत पहिल्या दोन-तीन वर्षांत वाढ वर्षाला साधारण एक सेंटिमीटरने मंदावली. सतत घेणाऱ्यांत मोठेपणीही थोडा फरक राहिला. म्हणून वजन-उंची मोजायची, कागदावर, आलेखावर. नुसतं "बरा दिसतोय" नाही.

शेवंती, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर यातच आहे. दोनपैकी कुठलं, यावर रात्री जागवू नका. पुढचे तीन महिने दर दोन-तीन आठवड्यांनी कोण बघणार आहे, फोन केला तर कोण उचलणार आहे, शाळेतून खरं कोण सांगणार आहे, हे आधी ठरवा.

कडूलिंब
मुद्दा मान्य. पण असा डॉक्टर आणि अशी शाळा किती जणांच्या नशिबी? ज्यांच्या नाही, त्यांनी निदान मैदान तरी सोडू नये, एवढं म्हणतो. हेमाशेपो (हे माझे शेवटचे पोस्ट).

जाईजुई
नागपूरहून. आम्ही ॲटोमॉक्सेटिन निवडलं. मुलगी दहा वर्षांची, पाटीपेन्सिल म्हणतात तशी खिडकीतली. तिला चिंताही फार, परीक्षेच्या आदल्या रात्री उलटी ठरलेली, शिवाय डोळे मिचकावायची सवय. पहिले पंधरा दिवस वाईट गेले. सकाळी उपाशीपोटी दिलं की शाळेच्या रिक्षातच मळमळ. डॉक्टरांना विचारून रात्रीच्या जेवणानंतर द्यायला लागलो, मग ठीक. पण महिनाभर काही म्हणजे काही बदललं नाही. घरात रोज उलटतपासणी: "कळतंय का काही? लक्ष लागतंय का?" तीच वैतागली. नंतर एक दिवस लक्षात आलं की दप्तर तिने स्वतः भरलंय, आणि पट्टी-कंपासपेटीसकट सगळं त्यात आहे. मेथिलफेनिडेटवाल्यांकडे ऐकते तसा रातोरात फरक आमच्याकडे नव्हता. धीर नसेल त्यांनी हे औषध आधीच सोडून देण्याची शक्यता जास्त.

टेम्सकाठी
इंग्लंडमधून. इथे नाइसच्या (उपचार कसे करावेत ते सांगणारी इथली संस्था) २०१८ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे चालतं. पाच वर्षांच्या आत आधी पालकांचं प्रशिक्षण. पाचनंतर, घरातले-शाळेतले बदल करूनही त्रास राहिला तर औषध, आणि मुलांत पहिलं मेथिलफेनिडेट. सहा आठवड्यांत पुरेसा गुण नाही तर लिसडेक्सॲम्फेटामिन (ॲम्फेटामिन गटातलं औषध), ते नको तर ॲटोमॉक्सेटिन किंवा ग्वानफॅसिन. दहा वर्षांपर्यंत वजन दर तीन महिन्यांनी, उंची दर सहा महिन्यांनी. ऐकायला छान, पण पहिल्या भेटीची रांग इतकी लांब की मुलगा प्राथमिकातून माध्यमिकात गेला. आणि २०२३ च्या सप्टेंबरात देशभर ही औषधं मिळेनाशी झाली, तेव्हा आम्हीही एका फार्मसीतून दुसरीत फिरत होतो. त्यामुळे "परदेशात सगळं सोपं" या समजात राहू नका.

इथल्या मराठी लोकांसाठी: तुमच्या मुलाला लिसडेक्सॲम्फेटामिन चालू असेल तर सुट्टीत भारतात ते मिळणार नाही, ॲम्फेटामिनची औषधं तिथे बाजारात नाहीत. पुरेसा साठा, मूळ वेष्टन, डॉक्टरांचं पत्र जवळ हवं, आणि निघण्याआधी दूतावासाकडे नियम विचारून घ्या. मधे दुबईला उतरून शहरात जाणार असाल तर तिथली परवानगी वेगळी.

फिरकी
सगळे पालक बोलताहेत म्हणून मुलाच्या बाजूने लिहिते. माझं निदान तिशी उलटल्यावर झालं, मेथिलफेनिडेट घेते.

इथे अजून कुणी म्हणालं नाही, पण म्हणेल: "चष्म्यासारखंच आहे हो." तसं नाही. चष्मा लावल्यावर जेवण नकोसं होत नाही आणि संध्याकाळी सहाला चष्मा उतरला म्हणून रडू येत नाही. मुलाला असं सांगितलंत तर दुसऱ्या दिवशी त्याला कळेल की तुम्ही खोटं बोललात.

त्याला खरं सांगा. व्हिटॅमिनची गोळी म्हणून देऊ नका, कधीच. पोट दुखू शकतं, भूक लागणार नाही, लक्ष लागायला मदत होईल, आवडलं नाही तर आम्हाला सांग, आपण डॉक्टरांना सांगू. आणि चांगलं काही केलं की "आज गोळी लागू पडली वाटतं" आणि दंगा केला की "गोळी घेतली नाहीस का?" ही दोन वाक्यं घरात बंद. माझ्या नवऱ्याने पहिल्या महिन्यात दोन्ही वापरली. गणित मुलाने सोडवलं, गोळीने नाही.

मला पहिल्या दिवशी काय वाटलं? डोक्यात एका वेळी एकच रेडिओ लागला. मी भांडी घासली, सगळी, आणि मधे कुठे गेले नाही. आनंदाने नाचले वगैरे नाही, उलट आधीची वर्षं आठवून चीड आली.

शेवंती
सगळ्यांचे मनापासून आभार. फिरकी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. रात्री उशिरा त्याने विचारलं, मोठ्यांचीही तपासणी होते का? पुढे मी काही विचारलं नाही.

पुढच्या भेटीला दोघं गेलो. स्टेथोंनी सांगितलेले प्रश्न वहीत लिहून नेले होते. डॉक्टर अजिबात चिडल्या नाहीत, उलट म्हणाल्या, बरं झालं. नवऱ्याच्या काकांचं तरुणपणीचं हार्टचं निघालं, म्हणून आधी ईसीजी आणि हृदयतज्ज्ञांची भेट. त्यांनी हरकत नाही म्हटलं तर मेथिलफेनिडेट, कमी डोसने. वर्गशिक्षिका दर शुक्रवारी छोटा फॉर्म भरून द्यायला तयार आहेत.

दोन प्रश्न राहिले. साबांचं सारस्वतारिष्ट जोडीला चालू ठेवलं तर चालेल का? आणि सुरुवात दिवाळीच्या सुट्टीत करावी का, म्हणजे काही झालं तर घरीच असेल?

स्टेथो
सारस्वतारिष्टाबद्दल: आसव-अरिष्टांत आंबवताना आपोआप तयार झालेला अल्कोहोल असतो, त्यामुळे मुलाला देण्याआधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. निदान सुरुवातीला तरी एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर पोट दुखलं तर कशाने ते कळणार नाही. साबांना दुखवायचं नसेल तर रात्री नऊच्या वरणभाताचं खातं त्यांच्याकडे द्या.

सुट्टीत नको. ज्या वेळेसाठी औषध द्यायचं त्या वेळी शाळाच नसेल तर गुण कशावरून कळणार? आणि दिवाळीत झोप, खाणं सगळंच विस्कटलेलं असतं. मी सहसा शाळा चालू असताना शनिवारी सुरू करायला सांगते. पहिले दोन दिवस तुमच्या नजरेसमोर, सोमवारी शाळा. शेवटी तुमच्या डॉक्टर म्हणतील तसं.

मांजराकाठ
मधेच विचारतो. आमचा कॅप्सूल गिळत नाही. उघडून आमरसात घातली तर?

स्टेथो
ॲटोमॉक्सेटिनची कॅप्सूल उघडायची नाही. आतली पूड डोळ्याला झोंबते. गेलीच तर भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना कळवा. मेथिलफेनिडेटच्या दिवसभराच्या गोळ्याही चुरायच्या किंवा चावायच्या नाहीत, सगळा डोस एकदम सुटतो. गिळायला शिकवा, शिकतात.

उंबरठा
आम्ही बडीशेपेच्या रंगीत गोळ्यांवर शिकवलं. आधी साखर लावलेली एकच बडीशेप जिभेवर मागे ठेवून पाण्याबरोबर, मग थोडी मोठी गोळी, मग पेपरमिंटचा तुकडा. मान खाली घालून गिळली तर कॅप्सूल सोपी जाते, कारण ती पाण्यावर तरंगते. वर मान करून घशात टाकायला गेलं की ठसका ठरलेला. आणि शेजारी बसून आपणही एक-एक गिळायची, नाहीतर ते म्हणतात तूच करून दाखव.

मांजराकाठ
आज संध्याकाळी बघतो. बडीशेप घरात आहे.